खर्जाची तार आणि चपलेचा तुकडा

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपल्या कामाधंद्यातला विषय घेऊन लिहावं, असा संपादक मंडळाचा निरोप आला. शिक्षक झालेले मित्र शाळांवर लिहितील, शेतीत राहिलेले भात-नागलीवर लिहितील. माझं काम नाशकात विजेवरची वाद्यं, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करण्याचं. सुरुवात रेडिओ आणि टेपच्या दुरुस्तीपासून झाली, मग ऑर्केस्ट्रावाले येऊ लागले आणि त्यांची वाद्यं हाताखाली आली. म्हणून मी इतिहास लिहितोय तो एका वाद्याचा, आणि त्याच्याही एकाच गुणाचा. जुन्या बास गिटारचा आवाज कसा घडला, एवढाच माझा विषय.

हा विषय हरसूलच्या स्मरणिकेत कशाला, असं कोणी विचारेल. पण खर्ज म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून कळलेलं नाही. आपल्या भागातला बोहाडा आठवा. टेंभ्यांच्या उजेडात मुखवटे घातलेली सोंगं नाचत येतात, पुढे संबळ आणि पिपाणी. संबळाची दोन भांडी असतात. लहान भांडं ताणलेलं, तडतड बोलणारं. मोठं भांडं खालच्या आवाजाचं, वाकड्या काडीने वाजणारं. आपण पाड्यावरून निघून डोंगराच्या वाटेने लांब गेलो की आधी पिपाणी विरते, मग लहान भांडं. मोठं भांडं मात्र बराच वेळ पाठीमागून येत राहतं. खालचा आवाज लांब जातो आणि तो कानाइतकाच छातीला कळतो, हे भौतिकशास्त्र आपण चालता चालता शिकलेलो आहोत. तारपाही तसाच. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडपत्राचं तोंड आणि सांधे बुजवायला मेण. एवढ्याच साहित्यातून आवाज काढायचा तर कुठे किती मेण लावायचं यालाच महत्त्व येतं. आवाज घडवणं म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी थोडंसं दाबणं, बुजवणं किंवा अडवणं असतं. बास गिटारच्या इतिहासातही हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

आता गिटारकडे येतो. साध्या गिटारला सहा तारा, बास गिटारला चार, आणि त्या बोटाच्या पेराशेजारी धरल्या तर दोरीसारख्या वाटाव्यात इतक्या जाड. सगळ्यात जाड तार सुट्टी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात, म्हणजे ४१ हर्ट्झ. तुलनेसाठी सांगायचं, तर काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. बास गिटार त्याहूनही खाली उतरते.

हे काम आधी डबल बास करत असे. माणसाहून उंच, लाकडी, पोकळ पोटाचं वाद्य. उभं राहून वाजवायचं. गाडीच्या टपावर बांधून न्यायचं आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गलक्यात ते कोणाला ऐकू जायचं नाही. त्याला पडदे नसल्याने बोट केसभर सरकलं तरी स्वर हलायचा. अमेरिकेतल्या सिएटल शहरात पॉल टुटमार्क नावाच्या वादकाने १९३६ च्या सुमारास हातात आडवी धरायची, पडद्यांची, विजेवरची बास बनवली होती. पण ती चालली नाही. ते जमलं १९५१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात, लिओ फेंडरला.

या माणसाबद्दल मला आपुलकी आहे, कारण तो माझ्याच धंद्यातला. शिकला हिशेबनीसाचं काम, पण १९३८ मध्ये त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. वादक ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचे, बाकावर बसून गाऱ्हाणी सांगायचे आणि हा ऐकायचा. त्यातून त्याने जी बास केली तिचं नाव प्रिसिजन ठेवलं; पडदे आहेत, स्वर अचूक लागणार, म्हणून प्रिसिजन. तारेची वाजणारी लांबी ३४ इंच. खालचे अंग भरीव लाकडाचं. १९५७ मध्ये त्याने तिच्या पिकअपची रचना बदलली आणि १९६० मध्ये दोन पिकअपची जॅझ बास काढली. जानेवारी १९६५ मध्ये त्याची कंपनी सीबीएस या बड्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. जुन्या गिटारींचे शौकीन आजही या तारखेच्या अलीकडची की पलीकडची एवढ्यावरून किमती ठरवतात. माझ्या मते तारखेला इतका भाव देण्यात शौक जास्त आणि कान कमी आहे.

फेंडरच्या त्या पहिल्या बासमध्ये एक गोष्ट होती, तिच्याकडे पुढे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. तारा जिथे खाली टेकतात त्या घोडीवर चकचकीत धातूचं झाकण असे, आणि झाकणाच्या आत स्पंजची पट्टी. झाकण बसलं की पट्टी तारांना हलकेच टेकायची आणि आवाज लांबायच्या आत दाबायची. असं का? लोकांच्या कानात डबल बास बसलेली होती. तिचा स्वर ‘ढुम’ म्हणतो आणि मरतो. भरीव लाकडावरची पोलादी तार मात्र घंटेसारखी वाजत राहते. खालचा स्वर लांबत राहिला की पुढच्या स्वरात मिसळतो आणि सगळं गढूळ होतं. म्हणून नव्या वाद्याला जुन्या वाद्यासारखं बोलायला लावणारी ती पट्टी. पुढे बहुतेक वादकांनी हाताला अडतं म्हणून झाकण काढून टाकलं. राहिला असेल तो स्पंज चाळीस-पन्नास वर्षांत भुगा होऊन गेला. त्यामुळे आज एखादी जुनी बास जशीच्या तशी हाती आली, सगळे स्क्रू मूळचे असले, तरी ती जुन्या ध्वनिमुद्रिकेसारखी वाजत नाही. वाद्य टिकतं, पण त्याचा आवाज घडवणारा एक भाग सगळ्यात आधी जातो.

बाकीचे भाग कसं काम करतात तेही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

शाळेत ध्वनीचा धडा शिकवताना सरांनी नादकाटा ठोकून बाकावर टेकवला होता, ते कोणाकोणाच्या लक्षात असेल. हवेत धरलेला काटा जेमतेम ऐकू येतो, बाकाला टेकवला की खोलीभर. तंबोऱ्यात आणि डबल बासमध्ये भोपळा किंवा लाकडी पोट बाकाचं काम करतं. विजेच्या गिटारमध्ये हे काम पिकअपकडे असतं. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते. बँजो पार्टीतल्या बँजोला लावलेली पेटी उघडून पाहिली असेल त्याला हे नवीन नाही, प्रकार तोच आहे.

पिकअप कुठे बसवलाय यावर आवाजाचा पिंड ठरतो. तार कधीच एक स्वर देत नाही. मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर एकदम देते. घोडीजवळ तार कमी हलते, तिथे मूळ स्वर दुबळा आणि उपस्वर ठसठशीत. आवाज खणखणीत, थोडा नाकातला. मधल्या भागाकडे सरकलं की आवाज गोल आणि जड होतो. बोटाने छेडण्याची जागाही हाच फरक करते. म्हणजे वादकाचा हात चार बोटं सरकला तर गिटार बदलल्यासारखं वाटतं, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

मग येतो टोनचा खटका. गोल फिरवायचं ते बटण, आणि त्याला जोडलेला एक कंडेन्सर. जुन्या फेंडर बासमध्ये ०.०५ किंवा ०.१ मायक्रोफॅरडचा. कंडेन्सरचं काम सांडव्यासारखं आहे. चढे उपस्वर त्यातून सहज वाहून जमिनीला जातात, खालचे स्वर मागे राहतात. बटण किती उघडलं त्यावर किती पाणी सोडायचं ते ठरतं. कंडेन्सर मोठा असेल तर जास्त वरचं वाहून जातं आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. दोन-पाच रुपयांची वस्तू. तिच्याच जुन्या, मेणकापडी रंगाच्या नमुन्यासाठी लोक परदेशातून हजारो रुपये देऊन मागवतात. मी मीटर लावून दाखवतो की मोजमाप सारखंच आहे. काहींना पटतं.

लाकडाबद्दलही तेच म्हणेन. भरीव अंगाच्या विजेच्या गिटारमध्ये लाकडाला जितकं श्रेय दिलं जातं तितकं ते घेत नाही. चुंबकही, दुसऱ्या दांडग्या चुंबकाजवळ ठेवला नाही तर, वर्षानुवर्षं फारसा उतरत नाही. आवाजात सगळ्यात मोठा फरक करतात तारा. पूर्वीच्या तारा चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या असत, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागणाऱ्या. १९६० च्या दशकात इंग्लंडच्या रोटोसाउंडने गोल तारेने गुंडाळलेल्या, पियानोसारख्या खणखणणाऱ्या तारा रूढ केल्या आणि बासचा चेहराच बदलला. पण त्याच दशकातला अमेरिकेतला सगळ्यात मोठा बासवादक, मोटाउन कंपनीच्या गाण्यांवर वाजवणारा जेम्स जेमरसन, चपट्या तारांवरच राहिला. तुटल्याशिवाय तार बदलायची नाही, असा त्याचा खाक्या होता. घाम, मळ बसून मंद झालेल्या तारा, घोडीपाशी स्पंज, आणि छेडायला उजव्या हाताची एकच तर्जनी. ज्या आवाजाला आज लोक सोन्याच्या मोलाचा म्हणतात तो आवाज मळक्या तारा, स्पंज आणि एका बोटाचा आहे.

हे वाचून कोणाला वाटेल की हा सगळा परदेशी खेळ. तसं नाही. आवाजाला नखभर अडवून घडवण्याची कला आपल्याकडे मिरजेत शतकाहून अधिक काळ चालत आली आहे. तिथले सतारमेकर मुळात शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घरांतले. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून हे घराणं वाद्यांकडे वळलं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढणं म्हणजे काय, तर घोडीचा माथा कानसीने इतका अलगद घासायचा की तार एका जागी न टेकता माथ्यावर सरपटत टेकावी. मग घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती धागा सरकवायचा. धागा योग्य जागी आला की तार उमलते. फेंडरच्या स्पंजने उपस्वर मारले, मिरजेचा धागा ते जागे करतो. दिशा उलट, पण जागा तीच, घोडी आणि तार यांच्यामधली.

मुंबईच्या सिनेसंगीतात बास गिटार आली तेव्हा तिथे डबल बास आणि चेलोंचं राज्य होतं. वाद्यवृंदात गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता. गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत, त्यामुळे कागद समोर ठेवला की हे लोक वाजवत. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतली मोठी नावं. गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे त्यांचं नाव पोराटोरांच्या तोंडी गेलं, भले ते कोण हे ठाऊक नसेना.

ध्वनिमुद्रण तेव्हा एकत्र होत असे. महबूब स्टुडिओ, ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस. मोठ्या दालनात पन्नास-साठ वादक, बाजूला गायक, आणि सगळं एकदम. मागाहून एकट्या बासचा आवाज काढून सुधारता येत नसे. एकाचं बोट चुकलं की सगळ्यांचा टेक पुन्हा. अशा ठिकाणी बासवादकाला नुसतं वाजवून भागत नाही. त्याचा आवाज तबला-ढोलकच्या डग्याखाली गडप होता कामा नये आणि गायकाच्या माइकमध्ये शिरून गढूळही करता कामा नये. हे सगळं त्याने छेडण्याच्या जागेने, तळहाताने तार दाबून आणि टोनच्या बटणाने, वाजवण्याआधीच सोडवायचं.

राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ही जबाबदारी टोनी वाझ यांच्याकडे होती. सत्तरच्या दशकातली पंचमची गाणी ऐकताना आपण पाय हलवतो तो बहुधा बासच्या तालावर. ती गाणी माझ्या दुकानात मी स्पीकर तपासायला लावतो. बासचा स्वर तिथे गोल, आखूड आणि ठाम असतो. लांबत नाही, पुढच्या स्वराला जागा देतो. त्याच जगातले चरणजित सिंग. बास गिटार, साधी गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड नावाचं विजेचं ॲकॉर्डियन वाजवणारे. या मंडळींची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर छापत नसत. संगीतकार, गीतकार, गायक, आणि नटनट्यांचा फोटो, संपलं. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले ग्रेगरी बूथ मुंबईत येऊन या वादकांच्या घरी बसले, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि २००८ मध्ये पुस्तक केलं, तेव्हा कुठे कोणी काय वाजवलं याची काहीशी नोंद झाली. हे काम आपल्यापैकी कोणी आधी केलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आता ही गाणी आपण कशावर ऐकली ते पाहा. घरातल्या ट्रान्झिस्टरवर विविध भारती, आणि लग्नात, गणपतीत झाडाला बांधलेला भोंगा. ट्रान्झिस्टरचा स्पीकर तीन-चार इंचांचा. ४१ हर्ट्झ सोडाच, त्याच्या तिप्पटही तो धड देत नाही. भोंग्यातून साधारण तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर पडतच नाही. म्हणजे बासचा मूळ स्वर आपल्यापर्यंत पोचतच नव्हता. तरी आपल्याला बास ऐकू येत होती. याचं कारण कानात आणि मेंदूत आहे. १६४, २०५, २४६ असे उपस्वर कानावर पडले की मेंदू त्यांच्यातलं समान अंतर, म्हणजे ४१, ओळखतो आणि नसलेला मूळ स्वर आपणच भरून काढतो. उपस्वर पुरेसे असतील तर खर्ज न वाजताही ऐकू येतो. म्हणून स्टुडिओतल्या त्या वादकांची कसरत नाजूक होती. टोनचं बटण फार बंद केलं तर मोठ्या स्पीकरवर छान घुमेल, पण आपल्या ट्रान्झिस्टरवर बास नाहीशी होईल. फार उघडलं तर गिटारशी भांडेल. हरसूलच्या घरात पोचलेला तो गोल, पण कडा असलेला स्वर या मधल्या जागेतून आलेला आहे.

आज उलट झालंय. लग्नात अठरा इंची स्पीकरांची भिंत येते, खिडक्यांची तावदानं वाजतात, छातीत धडका बसतात. खालचा आवाज भरपूर आहे, स्वर मात्र ओळखू येत नाही. संबळाचं मोठं भांडं एका माणसाच्या हातात असून डोंगरापलीकडे जायचं. हे माझं मत; तरुण मंडळींनी ते वयाच्या खात्यावर लिहावं.

चरणजित सिंग यांची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं चपटं, चंदेरी यंत्र काढलं. सोबत बासवादक नसेल त्या गिटारवाल्यासाठी हे बास वाजवून देणार, असा कंपनीचा हेतू. थोडक्यात, बासवादकाची नोकरी घेणारं यंत्र. पण त्याचा आवाज बासशी जुळेना, चिरकत, वळवळत यायचा. १९८४ पर्यंत कंपनीने ते बनवणंच थांबवलं. त्याआधी, १९८२ मध्ये, ज्यांनी आयुष्यभर खरी बास वाजवली त्या चरणजित सिंगांनी ते यंत्र आणि ताल देणारं टीआर-८०८ घेतलं आणि त्यावर रागांची रेकॉर्ड केली. त्यांनी यंत्राकडून बासची नक्कल मागितली नाही. रागातल्या मींडेसारखं स्वरावरून स्वरावर घसरणं मागितलं, आणि ते त्याला उत्तम जमत होतं. रेकॉर्ड खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्राच्या त्याच वळवळीतून ‘ॲसिड हाउस’ नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला आणि जगभर गाजवला. २०१० मध्ये सिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले लोक चक्रावले की हे मुंबईत आधीच झालं होतं. म्हातारपणी त्यांना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते वारले.

हा सगळा इतिहास माझ्या बाकावर रोज येत नाही. पण गेल्या वर्षी एक बास आली. नाशकातल्या एका ऑर्केस्ट्रात गणपती-नवरात्रात वाजवणारे एक गृहस्थ होते. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने माळ्यावरून ती काढून आणली. जपानी बनावटीची, आखूड मापाची, ३० इंचांची; माझ्या अंदाजाने १९६० च्या दशकाच्या अखेरीची. नावाची पट्टी केव्हाच निघालेली. रंगावर सिगारेटचे दोन डाग, गळ्याला घामाने काळसर झालेला पट्टा. मुलीला ती नवी करून हवी होती. रंग, तारा, पिकअप, सगळं. एकाने तिला सांगितलं होतं की आतला माल फेकून नवा टाका, मग आवाज येईल. तिला स्वतःला वाजवायचं होतं, आणि वडील वाजवायचे तसं वाजलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं.

मी घोडीवरचं झाकण काढलं. आत तारांखाली निळ्या रबराचा एक तुकडा होता. हवाई चपलेचा, ब्लेडने नीट चौकोनी कापलेला, एका बाजूने किंचित उतरता, म्हणजे जाड तारेखाली कमी आणि बारीक तारेखाली जास्त दाब यावा. मूळचा स्पंज कधीतरी भुगा झाला असणार आणि त्या माणसाने बाजारात मिळेल त्या वस्तूतून नवा केला. मुलगी म्हणाली, “काका, हा कचरा आधी काढा.”

मी तो काढला आणि तारा छेडल्या. आवाज लांबला, खोलीभर घंटेसारखा राहिला. तुकडा परत बसवून तोच स्वर छेडला. ढुम. आखूड, गोल, कडेला किंचित लाकडी. ती खुर्चीवर बसली होती ती उठून जवळ आली आणि तिने मला तो स्वर आणखी दोनदा वाजवायला लावला. पुढचा रंगाचा विषय तिने स्वतःच सोडून दिला.

मग मी केलं ते असं. आवाजाच्या बटणांत बसलेली धूळ साफ केली, कारण फिरवताना खरखर येत होती. एक सुटलेला सांधा सोल्डर केला. गळा थोडा वाकला होता तो आतला दांडा फिरवून सरळ केला. पिकअप मोजला, ठीक होता, तसाच ठेवला. कंडेन्सर मात्र गळत होता. तो बदलला आणि जुना एका पाकिटात घालून, त्यावर तारीख आणि मोजमाप लिहून, गिटारच्या पेटीत ठेवला. तारा चपट्या लावल्या. चपलेचा तुकडा जागेवर आहे. तो काढल्यावर बसवायची बाजू कळावी म्हणून त्याचं चित्र काढून तेही पाकिटात घातलं. पाकिटावर तिच्या वडिलांचं नाव तिच्या हाताने लिहून घेतलं. ऑर्केस्ट्राच्या कुठल्याही जाहिरातीवर ते छापलेलं नव्हतं, असं ती म्हणाली. गायकांची असायची.

त्या मुलीने मेळाव्याच्या दिवसासाठी ती बास मला द्यायचं कबूल केलं आहे, तेव्हा मी ती आणि एक लहान ॲम्प्लिफायर घेऊन येतोय. आपल्यातल्या ज्यांच्या घरी संबळ आहे त्यांनी तो आणावा, ही विनंती. तारपा असेल तर फारच उत्तम. आणताना कोणी पॉलिश करू नका, मेण खरवडू नका, पुड्याला तेलपाणी नवं करू नका. ज्याने तो बनवला आणि ज्याने वाजवला त्यांची नावं एका कागदावर लिहून सोबत आणा. कागद आणि पेन माझ्याकडेही असतील.